मंडळीचे दप्तर कोणाचे?

मंडळीच्या जुन्या वह्या, म्हणजे बाप्तिस्म्याची नोंदवही, सभासदांची यादी, पंचांच्या सभांची इतिवृत्ते, लग्नांच्या व दफनांच्या नोंदी, ह्या सांभाळून ठेवणे हे धर्मकर्तव्य आहे की नुसती कारकुनी आहे? खेड्यांतील आमचे पुष्कळ बंधू तिला कारकुनीच समजतात. पाळकाची बदली झाली म्हणजे वही त्याच्या बोचक्यात बांधून दुसऱ्या गावी जाते, नाहीतर उपासनामंदिराच्या कोनाड्यात पडून वाळवीच्या तोंडी लागते. आपली नावे जीवनाच्या पुस्तकात लिहिलेली आहेत, मग कागदाच्या वहीची एवढी काळजी कशाला, असेही कोणी भाविकपणे विचारतात. देवाला आपल्या वहीची गरज नाही, हे खरेच. पण नातवाला आहे, विधवेला आहे, आणि ज्या मनुष्याचे नाव जगात दुसऱ्या कोठेही लिहिले गेले नाही त्यालाही आहे.

हा प्रश्न नीट समजावा म्हणून एका दूरच्या मंडळीची हकीकत सांगतो. ती मंडळी आज आमच्या मताची नाही, आणि म्हणूनच तिची हकीकत आमच्या उपयोगाची आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात बॉस्टन शहराच्या जवळ डेडहॅम नावाचे गाव आहे. इंग्लंडातून आलेल्या प्युरिटन लोकांनी ते १६३६ साली वसविले. गाव वसले, पण मंडळी लगेच स्थापिली नाही. लोक आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमत, शास्त्रातील प्रश्नांवर बोलत, एकमेकांचा अनुभव ऐकत. मग मंडळीचा पाया म्हणून घ्यावयाच्या थोड्या मनुष्यांची त्यांनी फार बारकाईने पारख केली, आणि अखेर ८ नोव्हेंबर १६३८ रोजी आठ जणांनी देवाशी व एकमेकांशी करार करून मंडळी उभी केली. जॉन ॲलिन हे तिचे पहिले पाळक. ही सगळी हकीकत, कोणाविषयी शंका आली, कोणाला थांबविले, हे धरून, ॲलिन यांनी मंडळीच्या वहीत लिहून ठेविली. पुढील पिढ्यांना अडचणीच्या वेळी मागचे उदाहरण पाहता यावे, हा त्यांचा हेतू होता.

पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षांनी त्या प्रांतातील मंडळ्यांत मोठी फूट पडली. पुष्कळ विद्वान पाळक युनिटेरियन मताकडे वळले. देव एकच आहे, तो त्रैक्य नाही, आणि ख्रिस्त थोर गुरू असला तरी देव नव्हे, असे त्या मताचे थोडक्यात सांगणे आहे. महाराष्ट्रातील वाचकांना हे मत अगदीच परके वाटू नये. प्रार्थना समाजाशी युनिटेरियन लोकांचा जुना स्नेह होता, आणि विठ्ठल रामजी शिंदे हे १९०१ साली ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात शिकावयास गेले ते त्यांच्याच साहाय्याने.

१८१८ साली डेडहॅमच्या पाळकाची जागा रिकामी झाली. तेथे त्या काळी दोन सभा असत. एक मंडळी, म्हणजे साक्ष देऊन करारात आलेल्या सभासदांची. दुसरी पॅरिश, म्हणजे धर्मकार्यासाठी कर भरणाऱ्या सर्व रहिवाशांची. पाळकाचा पगार करातून होत असे, आणि ही रीत त्या प्रांतात १८३३ पर्यंत चालली. पॅरिशने उदार मताच्या आल्व्हन लॅम्सन यांना निवडिले. मंडळीच्या सभासदांत मात्र विरोध करणारे थोड्याशा मतांनी अधिक होते. ते विरोधी सभासद बाहेर पडले, आणि आम्हीच खरी मंडळी, असे म्हणून मंडळीचे रोखे व कागदपत्रे सोडून देण्यास त्यांनी नकार दिला. वाद न्यायालयात गेला. १८२० साली न्यायालयाने ठरविले की, पॅरिशबरोबर जे राहिले तेच, संख्येने थोडे असले तरी, कायद्याने मंडळी होत. निघून गेलेले लोक व्यक्ती म्हणून गेले, मंडळी म्हणून नव्हे. ह्या निकालाने पुष्कळ ठिकाणी जुन्या विश्वासाच्या लोकांना उपासनामंदिर, निधी, प्रभुभोजनाची पात्रे सोडून रिकाम्या हाताने बाहेर पडावे लागले.

वाचकहो, माझे मन कोणाच्या बाजूला आहे हे लपविण्यात अर्थ नाही. बापदादांनी ज्या विश्वासावर करार केला तो विश्वास ज्यांनी धरून ठेविला, त्यांच्याच हातून बापदादांचे लेख जावेत, हे वाचून वाईट वाटते. ज्या ॲलिनने ती पहिली पाने लिहिली, त्याला लॅम्सनचा उपदेश मान्य झाला असता असे मला वाटत नाही. मग ते लेख न्यायाने कोणाचे? वंशाने व जागेने जे वारस ते मालक, की विश्वासाने जे वारस ते?

पुष्कळ दिवस विचार करून मला असे दिसते की, येथे मालक हा शब्दच चुकीच्या ठिकाणी वापरला जातो. इमारतीचा मालक असू शकतो, रोख्यांचा असू शकतो. पण मेलेल्या मनुष्यांनी देवासमोर काय वचन दिले ह्याची साक्ष जीत कोणाच्या मालकीची होत नाही. ती ज्याच्या पेटीत पडली तो तिचा राखणदार. त्याची परीक्षा एकाच गोष्टीत आहे: जे लिहिले आहे ते, आपल्या मताला सोयीचे असो वा नसो, त्याने जसेच्या तसे राखले की नाही?

ह्या परीक्षेत डेडहॅमचे लोक उतरले, असे म्हणणे भाग आहे. मते बदलली, पण १६३८ ची ती पाने कोणी फाडली नाहीत, त्यांवर शाई ओतली नाही. १८८८ साली गावच्या कारकुनाने, डॉन ग्लीसन हिल यांनी, मंडळीच्या बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू, प्रवेश व निर्गमन ह्यांच्या नोंदी छापून प्रसिद्ध केल्या. आज ती पहिली मंडळी युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट संघात आहे, आणि निघून गेलेल्यांची मंडळी तिच्या समोरच, जुन्या विश्वासाच्या पहिल्या पाळकाचे नाव धारण करून, ॲलिन काँग्रिगेशनल मंडळी म्हणून उभी आहे. दोघीही आपला आरंभ त्याच वर्षापासून मोजतात. पहिल्या मंडळीच्या मूळ कराराचा शब्द पाहून आजच्या मंडळीला कोणी विचारू शकतो की, तुम्ही तेथून किती दूर आला? तो प्रश्न विचारता यावा असा पुरावा स्वतःच्याच घरी राखणे सोपे नाही. आम्हांपैकी किती जण ते करतील?

शास्त्रातही ह्याचे उदाहरण आहे. बंदिवासातून परत आलेल्या यहूद्यांनी मंदिर बांधण्यास घेतले तेव्हा अधिकाऱ्यांनी विचारिले, परवानगी कोणाची? वडील म्हणाले, कोरेश राजाची. दारयावेश राजाने दप्तर शोधविले, आणि तो लेख मेदी प्रांतातील राजवाड्यात सापडला. यरुशलेमेत नव्हे, याजकांच्या घरी नव्हे, तर परधर्मी राजाच्या दप्तरखान्यात. त्या राजाच्या कोणा लेखकाने, ज्याला यहूद्यांच्या देवाचे ज्ञान नव्हते, आपले काम इमानाने केले म्हणून देवाच्या लोकांचा हक्क शाबीत झाला. एज्राच्या त्याच पुस्तकात उलट उदाहरणही आहे: काही याजकांना आपली वंशावळी दाखविता आली नाही, तेव्हा त्यांना याजकपणातून वगळण्यात आले.

असेच काहीसे आमच्याही बाबतीत घडले आहे. १८०५ साली हार्वर्ड येथील धर्मशास्त्राचे मुख्य अध्यापकपद हेन्री वेअर ह्या उदार मताच्या गृहस्थांना मिळाले, आणि ते विद्यालय युनिटेरियनांच्या हाती गेले असे जुन्या विश्वासाच्या लोकांनी समजून घेतले. म्हणून त्यांनी अँडोव्हर येथे वेगळी सेमिनरी काढिली. ती १८०८ साली सुरू झाली. तेथील तरुण विद्यार्थ्यांच्या विनंतीवरून १८१० साली अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. त्या बोर्डाचे पहिले चिटणीस सॅम्युएल वुस्टर ह्यांनीच १८१५ साली चॅनिंग ह्या युनिटेरियन पुढाऱ्याशी पत्रांनी वाद केला. आणि त्याच बोर्डाने धाडलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईस पोहोचले, तेथून अमेरिकन मराठी मिशनाचा आरंभ. आता पाहा: बोर्डाची जुनी पत्रे, मुंबईहून व अहमदनगराहून (आजचे अहिल्यानगर) लिहिलेली धरून, आज कोठे आहेत? हार्वर्डच्या ग्रंथालयात. ज्या विद्यालयाच्या मताला कंटाळून आमचे मिशन जन्मास आले, त्याच्याच कपाटांत आमच्या आजोबांच्या बाप्तिस्म्याची बातमी सुखरूप आहे. आमच्या काही गावांत मात्र त्याच काळच्या वह्यांना वाळवीने खाल्ले. ह्यात लाज कोणाला वाटावी हे सांगावयास नको.

परंतु वाळवीपेक्षा एक मोठा शत्रू आहे, तो म्हणजे आमची लाज. ह्याविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण पाळकांस हा प्रश्न खरोखर विचारण्यात येतो. कोणी सुशिक्षित तरुण येतो, आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद पाहतो, नावापुढे पूर्वीची जात लिहिलेली असते, आणि म्हणतो, एवढा शब्द खोडून टाका. दुसरा म्हणतो, आमच्या घराण्याचा बाप्तिस्मा दुष्काळाच्या साली झाला हे दिसू नये; लोक आम्हांस पोटासाठी झालेले ख्रिस्ती म्हणतात. १८७६ ते १८७८ च्या व १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर आमच्या मंडळ्यांत पुष्कळ लोक आले हे खरे आहे, आणि टोमणाही खरोखर मारला जातो. तिसऱ्या घरात कोणावर मंडळीने शिस्त चालविली होती, ते पान त्यांना नको असते. हे मागणारे दुष्ट नाहीत. त्यांचे दुःख खरे आहे, आणि जो पाळक त्यांना हसून परत पाठवितो तो कठोर आहे.

तरी ते पान फाडू नये. न्यू इंग्लंडच्या जुन्या मंडळ्यांच्या वह्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या हबशी गुलामांची नावे आढळतात. पुढे लिहिलेले असते, अमक्याचा नोकर, अमक्याची दासी; आडनाव नाही, आईबापांचे नाव नाही. प्रभूच्या मेजाशी बसणाऱ्यांनी मनुष्ये विकत घेतली होती, ही त्या मंडळ्यांची मोठी लाज आहे. समजा, एखाद्या सज्जन पाळकाने ही लाज झाकावी म्हणून ती पाने जाळली असती. तर मालकांचे काय गेले असते? त्यांची नावे खतांत, मृत्युपत्रांत, थडग्यांवर आहेतच. नाहीशी झाली असती ती त्या दासीची एकुलती एक नोंद. आज तिचे वंशज तीच ओळ शोधीत येतात.

आमचेही तसेच आहे. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, जमिनीचा तुकडा नसलेल्या, अक्षरशत्रू अशा एका बाईचे नाव १९०० पूर्वी कोण लिहून ठेवणार होते? सातबाऱ्यावर ती नाही. शाळेच्या पटावर ती नाही. मंडळीच्या वहीत ती आहे, आपल्या नावाने, आपल्या तारखेने, दोन साक्षीदारांसह. तिच्या नावापुढील तो एक शब्द आज आम्हांस बोचतो, पण तो तिचा अपराध नव्हे. ज्यांनी तिला गावाबाहेर ठेविले त्यांच्या अपराधाची ती साक्ष आहे. साक्ष पुसली तर सुटका अपराध्याची होते.

मत्तयाने आपल्या प्रभूची वंशावळी लिहिली तेव्हा तामार, राहाब व उरीयाची बायको ह्यांना त्याने वगळले नाही. नको असलेला लेख चाकूने कापून शेगडीत टाकणारा तो यहोयाकीम राजा होता. आणि यिर्मयाने बारूखाकडून तो लेख पुन्हा लिहविला, त्यात आणखी पुष्कळ वचने घातली.

मागील गोष्टी विसरण्याविषयी पौलाने लिहिले आहे, असे कोणी म्हणेल. पण त्याच पौलाने आपण मंडळीचा छळ केला हे लपविले नाही. तो ते वारंवार सांगत असे.

मात्र एक मर्यादा आहे. राखणे म्हणजे चव्हाट्यावर मांडणे नव्हे. कोणी पाळकापाशी एकांतात पाप कबूल केले तर ते वहीत लिहूच नये. ती नोंद नव्हे, तो विश्वासघात आहे. पंचांनी सभेत जे ठरविले तेवढेच इतिवृत्तात यावे, आणि थोड्या शब्दांत. शिस्तीची वही बाप्तिस्म्याच्या वहीपासून निराळी असावी व कुलपात असावी. संबंधित माणसे जिवंत आहेत तोवर ती पंचांशिवाय कोणी पाहू नये. ज्याला जुना शब्द बोचतो त्याच्यासाठी दाखला देताना तो शब्द उतरून देण्याची गरज नसते. दाखल्यात नाव, तारीख व आईबाप पुरेत. मूळ ओळ जागच्या जागी राहते, आणि मनुष्याची मानही राहते.

लग्नांच्या नोंदीविषयी १८७२ चा ख्रिस्ती विवाहाचा कायदा पाळकाला बांधून ठेवितो, म्हणून त्या बहुधा नीट असतात. बाकीच्या वह्यांस कायद्याचा आधार नाही. त्या आमच्या इमानावर आहेत. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक मंडळीच्या पंचांनी एक दिवस ठरवून आपले दप्तर उघडावे. वह्या सावलीत वारा लागेल अशा ठेवाव्यात, उन्हात नव्हे, कारण उन्हाने शाई उडते. पाने झटकून, कोरड्या कापडात बांधून, वेखंडाचे तुकडे घालून पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात, आणि पेटी जमिनीवर न ठेविता विटांवर ठेवावी. कोणा तरुणापाशी चांगला मोबाइल असेल तर त्याने पानापानाचे छायाचित्र घ्यावे व एक प्रत मंडळीबाहेर, मिशनच्या कचेरीत किंवा दुसऱ्या गावच्या मंडळीपाशी, ठेवावी. मग किती वह्या आहेत, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, मधली कोणती हरवली, ह्याची यादी करून तीवर पंचांनी सह्या कराव्यात. पाळकाची बदली होईल तेव्हा त्याने ती यादी वाचून वह्या मोजून द्याव्यात, आणि नव्याने मोजून घ्याव्यात.