कर्ता, कोयता आणि दोषाची वाटणी

एखाद्या कृत्याचा दोष कर्त्याच्या माथी येण्यासाठी ते कृत्य त्याच्या हातून घडले एवढे पुरत नाही. कृत्याच्या वेळी त्याचे मन त्याच्या ताब्यात असावे लागते. हे तत्त्व जुने आहे आणि एकाच धर्माचे नाही. याज्ञवल्क्यस्मृती नशेतला, उन्मत्त, व्याधिग्रस्त, बालक आणि भ्यालेला माणूस यांनी केलेले व्यवहार असिद्ध ठरवते. मिताक्षरेतल्या स्मृतिवचनानुसार सोळा वर्षांखालील मुलाला आणि रोग्याला प्रायश्चित्त निम्मे असते. विनयपिटकातील नियमांत उन्मत्त भिक्षूला दोषातून वगळले आहे. झोपलेला, अजाण मूल आणि वेडा या तिघांच्या कर्मांची नोंद करणारी लेखणी उचललेली असते, असे हदीस सांगते. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४ हाच विचार कायद्याच्या भाषेत मांडत होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ ने घेतली.

कर्ता दोषमुक्त झाला तरी गेलेला जीव परत येत नाही. मग त्या मृत्यूचा दोष नाहीसा होतो, की तो दुसऱ्या कोणाकडे जातो, हा खरा प्रश्न आहे.

बारामती आणि इंदापूर या ऊसपट्ट्यात तो प्रश्न कोयत्याभोवती उभा राहतो. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या साखर कारखान्यांचा हंगाम ऊसतोड मजुरांच्या कोयत्यावर चालतो. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजेच ‘एक कोयता’. उचलही त्याच हिशेबाने ठरते. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्याराला बंधन आहे, पण शेतीसाठी बनवलेल्या अवजाराला त्यातून सूट आहे. ही सूट योग्यच आहे, कारण कोयता पोट भरतो. पुणे शहरात ‘कोयता गँग’ हा शब्द रूढ झाला तेव्हा लोकांच्या मनात अवजाराचे हत्यार झाले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस बारामतीतल्या एका महाविद्यालयाच्या आवारात बारावीच्या विद्यार्थ्याचा कोयत्याने खून झाला. संशयित त्याच्याच बरोबरीचे, अल्पवयीन होते आणि कारण जुन्या वादाच्या रागाचे सांगितले गेले.

अशा घटनेनंतर ‘डोके फिरले होते’ असे सहज म्हटले जाते. या शब्दांत दोन वेगळ्या अवस्था एकत्र होतात: क्रोध आणि उन्माद. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की, इच्छा नसताना माणूस कोणाच्या जोरावर पाप करतो. उत्तरात काम आणि क्रोध यांना शत्रू म्हटले आहे आणि त्यांना जिंकण्याची आज्ञा दिली आहे. जिंकण्याची आज्ञा ज्याला देता येते, तो अजून कर्ता असतो. उन्मादात ही आज्ञा ऐकणारेच कोणी उरत नाही. म्हणून कायदा रागाला पूर्ण सूट देत नाही, स्वतःहून केलेल्या नशेलाही देत नाही. कृत्याचे स्वरूप किंवा त्याचा चुकीचेपणा आजारामुळे कळतच नव्हता, अशा मनालाच देतो. हा भेद न पाळल्यास अन्याय दोन्हीकडे होतो. रागाने मारणारा आजाराच्या आड लपतो आणि आजारी माणसाकडे संभाव्य खुनी म्हणून पाहिले जाते. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कधीही हिंसा करत नाहीत. उलट हिंसेची शिकार होण्याचा धोका त्यांना अधिक असतो.

सोळा ते अठरा वयाच्या मुलांबाबत कायदा पूर्ण जबाबदारी आणि पूर्ण सूट यांच्या मधली जागा मानतो. जघन्य गुन्ह्यात बाल न्याय मंडळाने मुलाची मानसिक क्षमता आणि परिणाम समजण्याची कुवत तपासावी, असे २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. ही तपासणी नाजूक असून तिला मानसशास्त्राच्या जाणकाराची मदत हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. मूल कोणत्या अवस्थेत होते हे ओळखणारा माणूस जवळ नसेल, तर तत्त्व कागदावरच राहते.

खऱ्या आजाराच्या बाबतीत व्यवस्था तीन ठिकाणी कमी पडते. पहिली उणीव कृत्याच्या आधीची. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जण उपचाराबाहेर आढळले. खेड्यात पहिली पायरी बहुधा देवऋषी, अंगारा आणि उताऱ्याची असते. दुसरी उणीव खटल्यातली. मन ठिकाणावर नव्हते हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो आणि त्यासाठी न्यायालय आधीच्या उपचारांचे कागद पाहते. अंगाऱ्याची पावती नसते. ज्याला डॉक्टर मिळाला नाही, त्याला पुरावाही मिळत नाही. उपचाराची उणीव न्यायाची उणीव होते. तिसरी उणीव नंतरची. आजारामुळे निर्दोष सुटलेल्याला सुरक्षित ताब्यात ठेवता येते आणि त्याची वाट बहुधा येरवड्यासारख्या मनोरुग्णालयाकडे जाते. घरचे नाकारतात म्हणून कोणाला संस्थेत ठेवू नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो. पण ज्या गावात रक्त सांडले तिथे त्याला घेणारे घर सापडणे कठीण असते. तुरुंगात आजार वाढला तरी राज्याचे कर्तव्य संपत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका कैद्याची फाशी तीव्र मानसिक आजारामुळे जन्मठेपेत बदलताना सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या उपचाराची जबाबदारी राज्यावर ठेवली.

दोष कोणाकडे जातो, याचे सूत्र गीतेच्या अठराव्या अध्यायात मिळू शकते. तिथे प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. त्या श्लोकांचा रोख आत्म्याच्या अकर्तेपणाकडे आहे, पण न्यायविचारालाही ही मांडणी उपयोगी पडते. आजारी माणसाच्या हातून घडलेल्या हत्येत कर्ता दुबळा झालेला असतो. करण म्हणजे हाताशी असलेला कोयता. अधिष्ठान म्हणजे तो आजार ज्या घरात, गावात आणि व्यवस्थेत वाढला ती भूमी. ‘भोग होते’ म्हणून सगळे दैवावर टाकणे सोपे जाते. पण दैव यादीत पाचवे आहे आणि त्याच्या आधीची कारणे माणसाच्या आवाक्यातली आहेत.

यातून जबाबदारीचा एक नियम निघतो. कर्त्याच्या माथ्यावरून दोषाचा जेवढा भाग उतरतो, तेवढा ज्यांना ते कृत्य टाळता आले असते त्यांच्याकडे जातो. हा भाग शिक्षेचा नसून कर्तव्याचा असतो: लक्षणे दिसताच दवाखाना गाठणाऱ्या घराचे, तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ आणि औषध पोहोचवणाऱ्या शासनाचे, वेळेत तपासणी करून घेणाऱ्या न्यायालयाचे आणि बरा झालेल्याला परत घेणाऱ्या गावाचे. मृताच्या कुटुंबाचे ऋणही याच हिशेबात येते. आरोपी निर्दोष ठरला म्हणून त्यांचे दुःख बेवारस होत नाही. त्यांना सत्य सांगणे, आधार देणे आणि तीच हानी दुसऱ्या घरी होऊ न देणे म्हणजे ते ऋण फेडणे आहे.

तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, बेलवाडी, निमगाव केतकी आणि इंदापूर या वाटेने पंढरपूरला जाते. थकलेल्या वारकऱ्याला सांभाळणे तिथे दिंडीचे काम मानले जाते. मनाने थकलेल्याची काळजीही तशीच सामूहिक आहे. दया आणि न्याय हे एकाच जबाबदारीचे दोन भाग आहेत: कृत्याआधी दया आणि कृत्यानंतर नेमका न्याय. पहिला भाग पाळला गेला तर दुसऱ्याची वेळ कमी येते.