माशी, मासा आणि परतफेड

मासा धरायचा आणि खायचा, हे मला समजतं. मासा धरायचाच नाही, हेही समजतं; आमच्या वाड्यातली निम्मी बिऱ्हाडं माळकरी होती. पण मासा मोठ्या कष्टाने धरायचा, त्याच्याकडे कौतुकाने पाहायचं आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा, हा तिसरा पंथ मला भाच्यामुळे कळला. भाचा अमेरिकेत मोंटाना राज्यात असतो आणि दरवर्षी स्मिथ नदीवर जायला धडपडतो.

धडपडतो म्हणायचं कारण, त्या नदीत तराफा सोडायला सरकारी परवाना लागतो आणि तो सोडतीने मिळतो. कॅम्प बेकरला पाण्यात उतरायचं आणि सुमारे ९५ किलोमीटर वाहत जाऊन ईडन ब्रिजला बाहेर पडायचं. चार-पाच दिवस दोन्ही बाजूंना चुनखडीचे उंच कडे. मग डोंगर मागे पडतात आणि गवताळ माळ सुरू होतो. मधेच कंटाळा आला म्हणून उतरून बस पकडावी, तर तीही सोय नाही.

बरं, गळाला गांडूळ लावणं या मंडळींना कमीपणाचं वाटतं. गळावर पिसं आणि केस गुंडाळून खोटी माशी बनवायची. तिला स्वतःचं वजन नसतं, म्हणून दोरीच्या वजनावर ती लांब फेकायची. ट्राउट मासा तिला खरी समजून फसतो. म्हणजे चक्क माशी दाखवून मासा धरायचा! मग हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. गळ हलकेच काढायचा आणि त्याला सोडून द्यायचं.

"मामा, आम्ही कुणाला मारत नाही," भाचा अभिमानाने म्हणाला.

"अरे, पण माशाला विचारलंस का?"

ही नुसती थट्टा नव्हे. २००३ साली स्कॉटलंडमधल्या संशोधकांना ट्राउटच्या डोक्यात इजा जाणणारे मज्जातंतू सापडले. त्याला नेमकं काय वाटतं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. स्वित्झर्लंडने मात्र सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरायला बंदी घातली आहे. धरायचा तर पोटासाठी धर, खेळासाठी नको, असा रोकडा न्याय!

भाच्याचीही बाजू आहे. मोंटानाने १९७४ साली नद्यांमध्ये पैदास केंद्रातले ट्राउट सोडणं थांबवलं. नदीतले मासे तिथेच जन्मतात, तिथेच वाढतात. सगळ्यांनी तळून खाल्ले, तर उरतील किती? शिवाय नदीवर कुणी घाण घालायला आलं, की आधी बोंब ठोकतात ते हे गळवालेच. हेही खरंच.

मी पडलो बँकेतला कारकून. कर्ज फेडणाऱ्याला आम्ही दाता म्हणत नाही. फेडलं, उत्तम झालं. पण त्याला कुणी हार घालत नाही. माशाचा जीव माशाचाच होता. तो परत केला, ही परतफेड झाली; दया नव्हे. मुद्दल परत गेलं, तरी त्या गळाचं व्याज माशाच्याच माथी! घरातही आपण हेच करतो. आधी माणसाला लागेल असं बोलायचं, मग गोड बोलून समजूत काढायची आणि वर मनाच्या मोठेपणाची पावती मागायची.

तेव्हा मासा सोडावा, जरूर सोडावा. फक्त सोडताना छाती फुगवू नये. तो वळून 'थँक्यू' म्हणत नाही, यात त्याचा उर्मटपणा नाही. त्याचा हिशोब पक्का आहे.