नाव विचारण्याआधी

सोसायटीच्या सभेत फाटकावरच्या नोंदवहीचा विषय निघाला आणि कसा कोण जाणे, करोनावर गेला. शेजारचे एक निवृत्त बँक अधिकारी म्हणाले, ‘‘तेव्हा बाधितांची नावं फलकावर लावली असती ना, तर निम्मी साथ तिथंच थांबली असती. ज्याला लपवायचं नाही त्यानं घाबरायचं कशाला?’’ दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

थाळ्या, दिवे, वाफारे यांबद्दल आता कुणाला काही नवं सांगायचं उरलेलं नाही. मला आठवतो तो त्याआधीचा पंधरवडा. टाळेबंदी अजून यायची होती आणि यंत्रणा एकेका रुग्णामागची माणसं शोधत होती. 9 मार्च 2020 रोजी, ऐन होळीला, दुबईहून परतलेलं पुण्यातलं जोडपं बाधित निघालं. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी, एक सहप्रवासी आणि त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक. तो चालक सापडला, कारण कुणीतरी नेमकं विचारलं: घरी कसे आलात?

त्याच होळीला परदेशातून नुकताच आलेला एक नातलग आमच्याकडे पुरणपोळीला होता. पुढे त्याचा अहवाल आला आणि पाठोपाठ आम्हाला फोन. आमचं घर आता ‘निकट सहवासित’ झालं होतं. जेवायला कोण होतं, कोण कुणाशेजारी बसलं, किती वेळ? सासूबाईंनी सगळं घडाघडा सांगितलं, अगदी कटाची आमटी कुणी दुसऱ्यांदा घेतली इथपर्यंत. मग पलीकडून प्रश्न आला, ‘‘घरात कामाला कोण येतं?’’

‘‘मावशी येतात.’’

‘‘पूर्ण नाव? पत्ता?’’

घर गप्प. रोज आमची भांडी घासणाऱ्या बाईंचं आडनाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. साथीची यादी करताना आधी आठवतात ती पंगतीला बसलेली माणसं. वाढणारी आणि उष्टी काढणारी विचारल्याशिवाय आठवत नाहीत. विषाणू मात्र असा पंक्तिभेद करत नाही.

रोगाचा माग काढणं वेगळं आणि माणसाचा माग काढणं वेगळं, असं मी पूर्वीपासून मानत आले आहे. पहिल्याला हव्यात जागा, वेळ आणि सहवास. दुसऱ्याला हवं नाव, जात, वस्ती आणि ‘ही अशीच माणसं’ म्हणायची सोय. केरळने त्याच मार्चमध्ये इटलीहून आलेल्या पत्तनंतिट्टामधल्या कुटुंबाच्या हालचालींचा नकाशा प्रसिद्ध केला. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे, एवढंच त्यावर होतं, नाव नव्हतं. तेव्हा तिथे असाल तर कळवा, इतकंच त्याचं म्हणणं. सिंगापूरने संपर्क शोधण्यासाठी मोबाइल अॅप आणलं, आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारला सांगावं लागलं की ही माहिती गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांनाही मिळू शकते. रोगाचा माग काढता काढता माणसाचा माग सुरू होतो तो असा.

म्हणजे शेजाऱ्यांना द्यायचं उत्तर माझ्याकडे तयार होतं: माहिती गुप्त ठेवा, लोक बोलतील. त्यांचीही बाजू अगदीच पोकळ नाही. प्रवास लपवणारे होते, ताप दडवायला गोळ्या घेऊन विमानतळ ओलांडणारे होते. पण फलकावर नाव लागणार हे कळल्यावर लपवणारा कमी लपवेल की जास्त, हे समजायला बँकेत तीस वर्षं काढावी लागत नाहीत. शिवाय ‘घाबरायचं कशाला’ हा प्रश्न विचारणाऱ्याचं पेन्शन एक तारखेला जमा होतं, तो घराबाहेर पडो न पडो.

इथे थोडं आडवळण घेते, कारण पुण्यात राहून साथीबद्दल लिहायचं आणि 1897 टाळायचं हे जमणारं नाही. मार्च 2020 मध्ये राज्याने लागू केलेला साथरोग कायदा 1897 सालचाच, प्लेगसाठी घाईने केलेला, मुळात चारच कलमांचा. रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घरात शिरून रोगी शोधत. सापडलेला इस्पितळात जाई, घरचे छावणीत, आणि चीजवस्तू जळत. लोक रोगी लपवू लागले. 22 जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हा इतिहास शाळेतच शिकवतात. त्याच सालच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगने आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात पोहोचल्या, आणि त्याच रोगाने 10 मार्चला गेल्या, हे आपल्याला ठाऊक असतं. पण ही दोन्ही पानं शेजारी ठेवून आपण क्वचित वाचतो. रोग्याला घराबाहेर काढायचं काम दोघांचंही. एकाच्या पावलांनी दारं बंद झाली, दुसरीच्या दवाखान्याकडे लोक आले. दोघांच्या हेतूत फरक होताच. पण दार उघडणाऱ्याला हेतू दिसत नाही. येणारा काय घेऊन जाणार आणि काय देणार, एवढंच त्याला दिसतं.

आणि इथे माझंच तयार उत्तर मला अपुरं वाटू लागलं.

मावशींचं नाव, शेजारणीकडून पत्ता मिळवून, आम्ही कळवलं. ते कुठल्याही फलकावर लागलं नाही. फोन करणाऱ्या बाईंनी ते कुणाला सांगितलं नाही. गुप्ततेचा माझा नियम तंतोतंत पाळला गेला. तरी मावशींची बाकीच्या घरांची कामं गेली, कारण चौदा दिवस न येणारी बाई का येत नाही हे न सांगताही कळतं. आमच्या घराने पगार दिला, इतरांनी दिला नाही. आणि आमचा तो पगारही हक्काचा नव्हताच, मर्जीचा होता. त्यांना ना ताप आला ना खोकला. ‘‘रोग नाही म्हणाले, मग कामावर का नाही घेत?’’ हा त्यांचा प्रश्न होता. गोपनीयतेच्या कुठल्याही कलमात त्याचं उत्तर नाही.

मग मला दिसू लागलं ते असं, की माझ्यात आणि शेजाऱ्यांत वाटतं तितकं अंतर नाही. नाव जाहीर करायचं की झाकायचं, हा वाद बसून पगार मिळणाऱ्यांचा आहे. रोजावरच्या माणसाला नाव सांगण्याची किंमत अब्रूत मोजावी लागतेच, पण त्याआधी ती पोटात मोजावी लागते. सिंगापूरच्या अॅपला मी वर नावं ठेवली. पण त्याच सिंगापूरने विलगीकरणात बसवलेल्या स्वयंरोजगारी माणसाला दिवसाला 100 डॉलर दिले. इंग्लंडने आधी माग काढण्याची यंत्रणा उभी केली आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना घरी थांबण्यासाठी 500 पौंड दिले ते 28 सप्टेंबर 2020 पासून, काही महिने उशिरा. धारावीत विलगीकरण केंद्रांवर जेवण दिलं जात होतं. बुडालेला रोज त्यातून भरून निघत नव्हता, पण दिशा तीच होती. आणि दारोदार फिरून माहिती गोळा करणाऱ्या आशा सेविकांना स्वतःच्या मोबदल्यासाठी जून 2021 मध्ये संप करावा लागला. विचारणारीही कमी पैशांत आणि सांगणारीही बिनपैशांत, अशा व्यवहारात खरी माहिती मिळाली हेच नवल.

पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा फोन येतील, पुन्हा याद्या होतील, आणि त्या व्हायलाच हव्यात. माझं म्हणणं एवढंच: मावशींना पूर्ण नाव विचारण्याआधी त्यांच्या चौदा दिवसांचा रोज कोण भरणार, हे सरकारने सांगावं. सरकार सांगत नसेल तर त्या जिथे काम करतात त्या घरांनी मिळून ठरवावं. सोसायटीच्या पुढच्या सभेत मी हाच विषय मांडणार आहे. आपणही आपल्या सोसायटीत मांडा, साथ नसतानाच.