काटकसर कोणाच्या पदरची?

दोन दिवस मुंबई पाहून यावी असे एखाद्या बेताच्या प्राप्तीच्या घरात ठरते, आणि रात्रीची जेवणे आटोपली की घरातला कर्ता माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसतो. शुक्रवारी रात्री मिरजेला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचे, शनिवारी सकाळी मुंबईत उतरायचे आणि रविवारी रात्री परतीची गाडी धरायची; म्हणजे दोन रात्री गाडीतच निघतात, मुक्कामाचा प्रश्न उरतो तो एका रात्रीपुरता. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, याचीही त्याने चौकशी करून ठेवलेली असते. या कागदाची थट्टा करण्याची आपल्याकडे चाल आहे. मला ती पसंत नाही. पैसेवाला माणूस काय पाहायचे ते मुंबईत पोचल्यावर ठरवतो; हा बिचारा लेणी की वस्तुसंग्रहालय या प्रश्नाशी आठ दिवस आधीपासून झगडत असतो. त्या झगड्यात आपल्याला खरोखर काय हवे आहे हे त्याला थोडे तरी कळते.

माझी तक्रार आहे ती कागदाच्या खालच्या अर्ध्या भागाविषयी. बेरीज होते, ती खिशापेक्षा मोठी निघते, आणि मग खोडाखोड सुरू होते. पेन्सिल पहिल्यांदा कोणत्या ओळीवर फिरते ते पाहावे. 'लॉज' ही ओळ खोडली जाते आणि तिथे लिहिले जाते, 'डोंबिवली – मावसभाऊ'.

आता मावसभावाकडे उतरणे यात गैर काय, असे कोणीही विचारील. गैर काहीच नाही. पाहुण्याने पाहुण्याकडे जाऊ नये असे ठरले तर आपली नातीगोतीच आटून जातील. परंतु लॉज फुकट मिळाली असती, तर आपण त्या घरी गेलो असतो काय, हा प्रश्न जाणाऱ्याने स्वतःला एकदा विचारावा. उत्तर 'हो' असेल तर खुशाल जावे. 'नाही' असेल, तर लॉजचे पैसे वाचलेले नाहीत. ते दुसऱ्या कोणीतरी भरले आहेत. ती दुसरी म्हणजे बहुधा त्या घरची गृहिणी. दीड खोलीत चार माणसांची अंथरुणे घालून ती स्वतः स्वयंपाकघरात ओट्याखाली आडवी होते, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठते. महिन्याच्या अखेरीस तिच्याही घरी एक कागद निघत असतो. 'आपले घर असताना लॉज कशाला?' असे ती म्हणते खरे, आणि मनापासूनही म्हणत असेल. पण दुसरे काही म्हणण्याची तिला सोय तरी कुठे आहे?

त्याच्या खालची ओळ मुलाच्या तिकिटाची. रेल्वेचा नियम साधा आहे: पाच वर्षे पुरी न झालेल्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धे, आणि २०१६ पासून स्वतंत्र जागा हवी असेल तर पुरे. या नियमापायी सहा वर्षांची किती मुले रातोरात साडेचार वर्षांची होतात! मी मास्तर आहे. ही मुले माझ्यासमोर पहिलीच्या वर्गात बसतात. त्यांना स्वतःचा वाढदिवस पाठ असतो. सहा वर्षांचे होणे ही त्यांच्या लेखी मोठीच मिळकत असते. तिकीट तपासनीस समोर उभा राहतो, वडील 'पाच व्हायचीत अजून' म्हणतात, आणि पोरगे वडिलांच्या तोंडाकडे पाहून गप्प राहते. त्या गप्प राहण्याची किंमत अर्ध्या तिकिटापेक्षा पुष्कळ जास्त आहे, आणि ती त्या पोराने मोजलेली आहे. वर्गात 'नेहमी खरे बोलावे' असा धडा मी शिकवू लागलो की काही डोळे खाली का जातात, याचा मला अंदाज आहे.

हमाल, रिक्षावाला, घारापुरीच्या पायऱ्या म्हाताऱ्या माणसाला खांद्यावरून चढवून नेणारे डोलीवाले, यांच्याशी होणाऱ्या घासाघिशीबद्दल फार लिहीत नाही; ती सर्वांनी पाहिलेली आहे. एवढेच म्हणतो की उपाहारगृहातल्या छापील दरांपुढे आपण मुकाट्याने मान तुकवतो.

'मग गरिबाने मुंबई पाहूच नये की काय?' अवश्य पाहावी. ते शहर फुकटही पुष्कळ देते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला कोणी पैसे मागत नाही. जहांगीर कलादालनात १९५२ सालापासून चित्रे टांगली जात आहेत, आणि आत जायला तिकीट नाही. तेही कोणाच्या तरी पैशानेच उभे राहिले: सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ ते शहराला दिले. म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने आनंद घेणे हेच वाईट, असे मला म्हणायचे नाही. कावसजींना 'नाही' म्हणता येत होते. डोंबिवलीच्या वहिनींना येत नाही, आणि त्या सहा वर्षांच्या पोराला तर मुळीच नाही. मला वाटते, सगळा फरक इथेच पडतो.

तेव्हा पेन्सिल आधी आपल्या हौशीवर चालवून पाहावी. दोन दिवसांचा बेत एका दिवसाचा केला तर शुक्रवारी रात्री निघून शनिवारी रात्री परत फिरता येते आणि मुक्कामाची ओळच उरत नाही. घारापुरी पुढल्या वर्षी. मुलाचे तिकीट बिनखोड राहू द्यावे. आणि मावसभावाला आधी कळवून ठेवावे, की संध्याकाळी गाडीच्या वेळेआधी मंडळींना घेऊन चौपाटीवर या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना पुरेल इतकी आणतो, वहिनींनी घरून काही करून आणायचे नाही.