अडकलेला दरवाजा, न आलेला पूर

तेलंगणात नेरडीगोंड्याजवळ कुंताला इथे कडम नदी सुमारे 45 मीटर खाली कोसळते. धबधबा किती फुगलाय ते बघितलं की वर रानात किती पाऊस पडला याचा अंदाज बांधता येतो. धबधब्याला दरवाजे नसतात.

हीच नदी पुढे निर्मल जिल्ह्यात कडम धरणात येते आणि हिशेब अवघड होतो. धरणात येणारं पाणी, म्हणजे येवा, सहसा थेट मोजत नाहीत, काढतात: साठ्यात पडलेली भर अधिक विसर्ग. समजा, तासाभरात साठा 3 लाख 60 हजार घनमीटरने वाढला. दरवाजे बंद असतील तर येवा सेकंदाला 100 घनमीटर. दरवाजांतून 500 घनमीटर सुटत असेल तर येवा 600. मोजपट्टीवरची पातळी मात्र दोन्ही वेळा सारखीच चढते.

जुलै 2022 मध्ये या धरणावर येवा पाच लाख क्युसेकच्या घरात गेला, आणि 18 दरवाजांपैकी एक काही केल्या उघडेना. अशा वेळी कागदावर सगळे दरवाजे उघडे धरून कुणी येवा काढला, तर अडकलेल्या दरवाजातून न गेलेलं पाणीही त्यात मिळवलं जाईल. आलाच नाही तेवढा पूर आकड्यांत उभा राहील. खालच्या गावांना निरोप याच आकड्यांवरून जातात, म्हणून ही चूक नुसत्या गणिताची राहत नाही.

नियंत्रणशास्त्रात या प्रश्नाला स्वतंत्र स्थान आहे. बाहेर दिसणाऱ्या मोजमापावरून आत काय आलं आणि यंत्रणेने पवित्रा (धरणावर म्हणजे कुठले दरवाजे किती उघडे) केव्हा बदलला, हे दोन्ही ओळखता येतं का? लिन्ह वू आणि डॅनियल लिबरझॉन यांनी 2008 मध्ये असे पवित्रे बदलणाऱ्या रेषीय प्रणालींसाठी याची अट मांडली. सुरुवातीची स्थिती माहीत हवी, प्रत्येक पवित्र्यात मोजमापावरून आत आलेलं एकमेव ठरवता यायला हवं, आणि एकाच स्थितीतून तेच मोजमाप दोन पवित्र्यांना देता येता कामा नये. धरणावर ही तिसरी अट सहज मोडते. एक दरवाजा जास्त उचलला काय किंवा दोन कमी उचलले काय, एकूण विसर्ग तोच असेल तर खालच्या पात्राला फरक कळत नाही.

पाणी दरवाजाच्या उंबऱ्याखाली असेल तर दरवाजा उघडा की बंद, हे पाणी सांगूच शकत नाही. पुढे पातळी उंबऱ्यावर चढली आणि पाणी वाहू लागलं, की दरवाजा उघडा आहे एवढं कळतं; तो कधी उघडला ते नाही.

असा प्रसंग गोदावरीवर दिसतो. महाराष्ट्रात नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2013 मध्ये निकाल दिला, तेव्हा दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवायचे ठरले. देखरेखीला त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. बंधारा कोरडा असेल तर 1 जुलैला चौदा दरवाजे वर जातात आणि गोदावरीत थेंबाचाही फरक पडत नाही. खाली तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणाच्या मोजपट्टीला त्या दिवशी काहीच दिसत नाही, म्हणून बंधाऱ्यावर दोन्ही राज्यांचे अधिकारी समोर उभे राहून दरवाजे वर गेल्याची खात्री करून घेतात.