अडीच वर्षांचे मूल आणि घरातल्या बोली

लहान मुलाच्या कानावर एकाच वेळी दोन-तीन भाषा पडल्या की ते गोंधळते, उशिरा बोलते, म्हणून घरात एकच भाषा ठेवावी, हा सल्ला जुन्नर-आंबेगावात आजही सर्रास दिला जातो. शाळेत प्रवेश घेताना दिला जातो, दवाखान्यात दिला जातो, लग्नकार्यात भेटलेले शिकलेले नातेवाईक देतात. तो चुकीचा आहे. पण मला त्याहून जास्त खटकते ते हे, की तो सगळ्यांना सारखा दिला जात नाही.

मंचरच्या आमच्या घरात सून धारवाडची आहे. नात अडीच वर्षांची. आई भरवत असेल आणि पोट भरले, तर ती ‘साक’ म्हणते. मी भरवत असले तर ‘बास’. आईने टोपडे घालायला घेतले की ‘ब्याड’, मी घेतले की ‘नको’. आम्ही दोघी समोर असलो की मग ‘आज्जी, नीर पायजे’ असे वाक्य येते, आणि पाणी कोणीही दिले तरी तिचे भागते. घरी येणारी माणसे कौतुक करतात, एवढ्याशा पोरीला दोन भाषा येतात म्हणून. सुनेला आजवर कोणी ‘घरात मराठीच बोलत जा’ असे सुनावलेले नाही. कानडीला लिपी आहे, पुस्तके आहेत, राज्य आहे, आणि आमची सून पदवीधर आहे.

घोडेगावच्या वर, डिंभ्याच्या बाजूला, कातकरी वस्तीवर याच वयाचे मूल घरात कातकरी ऐकते, शेजारच्या ठाकरांकडून त्यांची बोली ऐकते आणि आईच्या कडेवरून बाजारात आले की गावची मराठी ऐकते. आमच्या नातीपेक्षा त्याच्या कानावर एक भाषा जास्तच पडते. त्याच्या आईला मात्र सांगितले जाते, आणि हे मी स्वतः ऐकले आहे, की तुमचे ते बोलणे पोराला शिकवू नका, शाळेत मागे पडेल. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. आई मान डोलावते आणि खरोखर ऐकते. मग ती पोराशी मराठीत बोलू लागते, म्हणजे ज्या भाषेत ती मजुरी ठरवते आणि मीठ-मिरची घेते त्या भाषेत. लाड करायला, रागवायला, रात्री गोष्ट सांगायला तिच्याकडे त्या भाषेत शब्द अपुरे पडतात. ती कमी बोलू लागते. पोराला मराठी मिळते तीही तुटपुंजी, आणि आईचे भरभरून बोलणे जाते ते वेगळेच. वर पुढे शाळेत त्याच पोराबद्दल म्हटले जाते की याच्या घरात बोलणेच नाही.

गोंधळाची भीती कुठून आली हे समजू शकते. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एका भाषेतले शब्द मोजले तर ते बरोबरीच्या मुलापेक्षा कमी भरतात. दोन्हींतले एकत्र मोजले तर फरक बहुधा उरत नाही. आपण मोजतो ते फक्त मराठी किंवा फक्त इंग्रजी, आणि काळजीत पडतो. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द येणे हाही बिघाड नव्हे. मूल माणूस ओळखते आणि त्याप्रमाणे शब्द निवडते, हे कोणत्याही आजीला आठवडाभर लक्ष ठेवले तरी दिसेल. बोलायला फारच उशीर होत असेल तर कानाची तपासणी करून घ्यावी, तज्ज्ञाला दाखवावे. भाषा कमी करणे हा त्यावरचा उपाय नाही.

भाषांचा मेळ कसा राखायचा याबद्दल एक नियम शिकलेल्या आईबापांत फार प्रसिद्ध आहे: एका व्यक्तीने एकच भाषा बोलायची. झूल रोंझा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1913 मध्ये आपल्या मुलाच्या वाढीवर पुस्तक लिहिले. आई जर्मन, बाप फ्रेंच, आणि दोघांनी आपापली भाषा कसोशीने सांभाळली. मूल दोन्ही भाषांत उत्तम तयार झाले. पण तो नियम त्या घराचा होता. आपल्याकडे ओट्यावर पाच माणसे एकदम बोलत असतात, आणि सून सासूशी एका भाषेत, नवऱ्याशी दुसऱ्या, फोनवर माहेरी तिसऱ्या भाषेत बोलते. मूल त्या सगळ्यांच्या मध्ये बसलेले असते. आणि आपल्याला अशा सरमिसळीचा अनुभव आजचा नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कानडी, उर्दू बोलणारे लोक शेकडो वर्षे शेजारी राहिले. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये त्यांच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली आहे की शब्द तेवढे बदलले तरी एका भाषेतले वाक्य दुसरीत नेता येते. आणि तरीही घराघरात ज्याची त्याची भाषा टिकली होती. एवढ्या पिढ्यांची मुले गोंधळलेली निघाली असती तर ते गाव चाललेच नसते.

मग मुलाला गरज कशाची असते? माझे उत्तर साधे आहे: प्रत्येक भाषेमागे एक जिवंत माणूस आणि दिवसातली एक ठरलेली वेळ. पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. काही बाळांशी मँडरिन बोलणारी माणसे समोर बसून खेळली, काहींना तेच बोलणे टीव्हीवर दाखवले, काहींना नुसते ऐकवले. माणसाबरोबर खेळलेल्या बाळांना त्या भाषेतले सूक्ष्म ध्वनिभेद कळू लागले. पडद्यासमोरच्या बाळांच्या हाती काही लागले नाही. हे वाचल्यापासून हातात मोबाइल देऊन ‘इंग्रजी गाणी ऐकू दे, कानावर पडेल’ म्हणणाऱ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये वर्षाच्या बाळाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त तासभर, असे म्हटले ते मुख्यतः हालचाल, झोप आणि आरोग्यासाठी. भाषेच्या बाजूनेही तेच योग्य आहे.

माणूस आणि वेळ ही दोन्ही बदलांत हलतात. घरातल्या छोट्या बदलांकडे आपण मुलाच्या नजरेने पाहत नाही. मुलाच्या बापाची चाकणच्या कारखान्यातली पाळी बदलते आणि संध्याकाळी अंगाखांद्यावर घेणारा माणूस महिनाभर झोपेच्या वेळीच घरी असतो. आई कामावर परत जाते. धाकटे भावंड येते. उन्हाळ्यात नात धारवाडला राहून आली तेव्हा तिची मराठी दडली होती. मी बोलावले की तोंडाकडे पाहत राहायची. माझा मुलगा घाबरला. आम्ही काही शिकवायला बसलो नाही. आंघोळ मी घालायची ही जुनी रीत तेवढी लगेच सुरू केली, तेच पाणी, तेच उटणे, तीच बडबड. मराठी त्या न्हाणीघरातूनच परत आली. म्हणून माझे म्हणणे आहे की बदल टळत नसेल तर बदलावे ते बदलू द्या, पण आंघोळ, जेवण, झोप यांतली एक तरी वेळ आणि तिचा माणूस तसाच राहू द्या.

हे आम्ही करू शकलो कारण आमच्या घरात बदल एका वेळी एकच आला. सगळ्यांचे तसे नसते. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भाताची आवणी आटोपली, पुढे कापणी झाली, की अनेक कुटुंबे पूर्वेच्या बागायतीत मजुरीला उतरतात. नारायणगावात मजुरांचा बाजार भरतो. तिथून शेतकरी जोडप्यांना कांदा लावणीला, टोमॅटो तोडायला घेऊन जातात, आणि तान्ही, रांगती, चालती मुले बरोबर जातात. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली की बीड, नगर, नंदुरबारकडचे ऊसतोड मजूर येतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. आईबाप दोघेही कोयत्यावर. कोपीत उरते सात-आठ वर्षांची बहीण आणि तिच्या कडेवरचे भावंड. घर, आज्जी, अंगण, शेजार, झोपायची जागा आणि आजूबाजूची भाषा हे सगळे एका दिवसात बदलते. नंदुरबारकडच्या पावरा मुलाला तर भोवतीचे बोलणेच कळत नाही. त्या बहिणीचे बोलणे हीच त्या मुलाची सारी भाषा होते, आणि ती स्वतः लहान आहे. त्यात या भागात बिबट्याचे भय. ऊस हे त्याचे लपण झाले आहे, म्हणून दिवस मावळला की मुलांना कोपीबाहेर सोडत नाहीत. चार घरची पोरे एकत्र खेळण्याची जी वेळ गावी असते ती इथे गेलेली असते. दोन भाषांत वाढल्याने या मुलांचे नुकसान होत नाही. बोलणारे माणूसच दिवसभर जवळ नसल्याने होते.

कायद्याने मातृभाषेची दखल घेतली आहे, पण ती उशिरा सुरू होते. राज्यघटनेचे कलम 350 अ 1956 मध्ये आले. ते भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याविषयी आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा शक्यतो मातृभाषेतून शिकवा म्हणतो, तोही सहा वर्षांपासून. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून महाराष्ट्र एप्रिल ते जून धुमसत होता. 29 जूनला त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय रद्द झाले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तो वाद गरजेचा होता, मीही पहिलीला तिसरी भाषा लादण्याच्या विरोधातच होते. पण त्या सगळ्या महिन्यांत पहिलीच्या आधीच्या मुलाबद्दल मला फारसे ऐकायला मिळाले नाही. आईची बोली ठेवायची की सोडायची हे घरात तोवर ठरून गेलेले असते. आनिक डी हौवर यांनी 2007 मध्ये बेल्जियमच्या डच भाषक भागातल्या सुमारे 1900 कुटुंबांची पाहणी मांडली. घरात डचखेरीज दुसरी भाषा बोलली जाणारी ही कुटुंबे. मुले डच सगळीच बोलत होती. दुसरी भाषा मात्र जवळपास चौथ्या हिश्शातल्या घरांतली मुले बोलतच नव्हती. शाळेची, बाजाराची भाषा मूल कुठेही उचलते. धोका असतो तो घरच्या भाषेला. आपण नेमका उलटा बंदोबस्त करत बसतो.

अंगणवाडीला हे सगळ्यात आधी कळायला हवे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्या वस्तीवर गेल्या, त्यांच्या अंगणात बसल्या, पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर नेली. पण तीन वर्षांखालच्या मुलाला तिथून मुख्यतः घरी न्यायचा आहार मिळतो, वजन होते, लस टोचली जाते. बोलणे फुटण्याची वर्षे याच वयात येतात. सेविका स्थानिक असावी अशी अट आहे, पण गाव एक असले तरी वस्त्या वेगळ्या असतात. कातकरी वस्तीवर कातकरी मदतनीस असेल तर मूल पहिल्या दिवशी रडले तरी त्याला समजावणारे कोणी असते. नसेल तर ते गप्प बसते, आणि गप्प मुलाला समंजस समजले जाते.

कातकऱ्यांना केंद्राने विशेष दुर्बल आदिवासी गटांत घातले आहे, महाराष्ट्रात त्यांच्याखेरीज कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यासाठी घरे, रस्ते, पाणी यांच्या योजना आहेत आणि त्या हव्याच. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे; तिथून या दोन तालुक्यांपुरते तरी एवढे होऊ शकते की मदतनीस नेमताना वस्तीची बोली येणे ही पात्रता धरावी. अंगणवाडीचे काम 2021 पासून पोषण ट्रॅकरवर चालते, मुलाची वजन-उंची त्यात भरली जाते. घरात कोणती बोली बोलतात आणि मुलाला दिवसा कोण सांभाळते, एवढी दोन उत्तरेही तिथेच नोंदवावीत, म्हणजे कुटुंब हंगामात नारायणगावला किंवा कारखान्यावर गेले तर तिकडच्या सेविकेला ते मूल कोणाचे बोलणे ऐकून वाढले आहे हे कळेल. फडावर पाळणाघर चालवताना मजुरांच्या टोळीतल्याच एखाद्या म्हाताऱ्या बाईला त्या कामाचा मोबदला द्यावा. ती नाहीतरी मागे राहिलेली असते, मुलांची बोली तिला येते, आणि आज तिच्या त्या कामाला कोणी काम म्हणत नाही.

आणि मराठीच्या आत जे चालते तेही याहून निराळे नाही. या दोन तालुक्यांत ‘मपलं’, ‘तुपलं’ म्हणणारी आज्जी घरोघर आहे. इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जाणाऱ्या नातवाशी बोलताना आईबाप तिला टोकतात, ‘माझं म्हण’ म्हणून. आज्जी आधी हसते, मग जपून बोलते, मग नातवाशी फारसे बोलत नाही. डिंभे धरणाच्या पाण्यात मूळ आंबेगाव गेले, तालुक्याला नाव देणारे गाव. तिथून उठलेल्या कुटुंबांतल्या म्हाताऱ्यांकडे तिथल्या नदीकाठच्या शेताची, देवाची, यात्रेची आठवण याच बोलीत आहे. ती नातवाला सांगायची तर आज्जीला मोकळेपणाने बोलता आले पाहिजे, आणि ते होते की नाही हे घरातल्या मधल्या पिढीच्या हातात आहे.