शहाणं बाळ

"किती शहाणं बाळ आहे, अजिबात रडत नाही!" दवाखान्यात हे कौतुक आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेलं असतं. मूल गप्प बसलं की आपल्याला हायसं वाटतं. पण ती शांतता बऱ्याचदा हरल्याची असते, हे जगाला उशिरा कळलं.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत आईवडिलांना आठवड्यातून जेमतेम एखाददुसरी भेट मिळे. एक भीती संसर्गाची होती. दुसरी अशी की, आई दिसली की मूल रडतं. ती नसली की 'रुळतं'. 1952 साली संशोधक जेम्स रॉबर्टसन यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेल्या, जेमतेम अडीच वर्षांच्या एका मुलीवर चित्रफीत केली. ती मुलगी फारसा आकांत करत नाही. टेडी कवटाळून, कोऱ्या चेहऱ्यानं पडून राहते. घरी निघताना मात्र आईचा हात धरत नाही. चित्रफीत पाहून कित्येक डॉक्टर चिडले. रॉबर्टसन यांचं म्हणणं होतं की अशी मुलं आधी आकांत करतात, मग खचतात आणि शेवटी अलिप्त होतात. वॉर्डात 'रुळलं' म्हणत, ते या शेवटच्या टप्प्याला. 1959 मध्ये ब्रिटनमधल्याच प्लॅट समितीनं मुलांच्या वॉर्डाची दारं आईवडिलांसाठी खुली ठेवण्याची शिफारस केली. याच दशकात अमेरिकेत क्लीव्हलंडला एमा प्लँक यांनी आजारी मुलांसाठी खेळ हा उपचाराचाच भाग मानला.

पण सगळीच मुलं पूर्वीसारखी होऊन घरी जात नाहीत. कुणाचा पाय जातो, कुणाची कमरेखालची संवेदना. त्यांना 'होशील बरा' म्हणणं म्हणजे आपणच त्यांच्यापासून तोंड फिरवणं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन किशोरवयात पक्षाघातानं गाठलं. 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनात त्यांनी हा प्रवास मांडला आहे. त्या खचलेल्या दिवसांत त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः अपंग, तरीही आपली गाडी आपणच चालवणारे. उपदेशानं जे झालं नसतं, ते त्या माणसाच्या नुसत्या जगण्यानं झालं. पुढे 1984 मध्ये नसीमाताईंनी इतरांसाठी संस्था उभारली. मुलाला धीर हवा, तसंच आपल्यासारखं कुणीतरी मोठं होऊन जगताना दिसायलाही हवं, ही समज इथे येऊन मिळाली.

भाजलेल्या मुलांच्या एका वॉर्डात मी पाहिलेला प्रसंग मनातून जात नाही. सात वर्षांच्या मुलाचं ड्रेसिंग बदलायचं होतं. आजी म्हणाली, "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं होईल." मुलानं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो समुपदेशक ताईंना म्हणाला, "दुखेल?"

"हो, दुखेल. तू 'थांब' म्हणालास की मी सिस्टरना थांबवीन."

पट्टी सुटू लागली. तो मोठ्यांदा रडला, दोनदा 'थांब' म्हणाला. दोन्ही वेळा हात थांबले. तिसऱ्यांदा त्यानंच हात पुढे केला, रडतरडत. आजी त्याला गप्प करायला पुढे सरसावली, तेव्हा ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रडू दे आजी, विश्वास आहे म्हणून रडतोय."